पाहायला जाणे

मराठीत ‘पाहणे’ हे क्रियापद फार कामाचे आहे. आपण गणपती पाहायला जातो, जत्रा पाहायला जातो, सिनेमा पाहायला जातो आणि मुलगीही पाहायलाच जातो. या चार वाक्यांतले क्रियापद एकच असले तरी त्यांचा कर्ता एक नाही. गणपती, जत्रा किंवा सिनेमा कोणीही पाहू शकतो, निदान व्याकरणाची तशी हरकत नाही. मुलगी पाहायला मात्र मुलाकडची मंडळीच जातात. ‘मुलगा पाहणे’ हाही प्रयोग रूढ आहे, परंतु त्याचा कर्ता मुलीचा बाप, काका अथवा मामा असतो. जिचे लग्न व्हायचे ती मुलगी यांपैकी एकाही वाक्यात कर्त्याच्या जागी बसत नाही. ती कर्ता होते ती सणात किंवा सिनेमात.

प्रस्तुत लेखात आम्ही एवढेच म्हणू इच्छितो की महाराष्ट्रातल्या तरुण माणसाचे सणाला जाणे, घरच्यांचा लग्नाचा आग्रह आणि सिनेमाचे वेड या तीन गोष्टींचा इतिहास एकत्र वाचायला हवा. समाजशास्त्र, स्त्री-अभ्यास आणि चित्रपट-अभ्यास अशा तीन कप्प्यांत तो वाटला गेल्यामुळे त्यातला मुख्य प्रश्न हातून निसटतो. पाहण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न.

आरंभ सणापासून करू. भाद्रपद शुद्ध तृतीयेला, गणपतीच्या आदल्या दिवशी, हरितालिका येते. कुमारिका हे व्रत करतात ते चांगला नवरा मिळावा म्हणून. आता या व्रताची कथा काय सांगते ते पाहावे. नारदाच्या सांगण्यावरून हिमालय आपली कन्या विष्णूला देण्याचे ठरवतो. स्थळ उत्तम आहे, नाव ठेवायला जागा नाही. पार्वतीचे मन मात्र शंकरावर जडलेले. ती आपले दुःख सखीला सांगते आणि सखी तिला घेऊन अरण्यात निघून जाते. तेथे वाळूचे शिवलिंग करून पार्वती उपवास व जागरण करते आणि अखेर बापाला तिच्या मनासारखे करावे लागते. ‘हरिता’ म्हणजे हरण केलेली आणि ‘आलि’ म्हणजे सखी, अशी या नावाची फोड परंपरेनेच दिलेली आहे. बापाने ठरवलेले स्थळ नाकारून मैत्रिणीच्या सोबतीने घर सोडणाऱ्या मुलीची ही कथा! ती पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाचली गेली आणि वाचून झाल्यावर बापाने ठरवलेल्या स्थळापुढे मुलींना बसवले गेले. यात कोणाला विसंगती वाटल्याचे ऐकिवात नाही. कथा देवीची असली की ती ऐकायची असते, तिचे अनुकरण करायचे नसते, ही सोय आपल्याकडे पूर्वापार आहे.

इतर सणही लग्नाच्याच अंगणात वाढले. आश्विनात फेर धरून भोंडला खेळणाऱ्या मुली सासर-माहेरची गाणी म्हणतात ती सासर पाहण्याच्या आधीच. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नसराईला वाट मोकळी होते. पौषात साताऱ्याजवळच्या पाल येथे खंडोबा आणि म्हाळसा यांचे लग्न लागते आणि त्याभोवती यात्रा भरते. वर्षाचे चक्रच असे की तरुण मुलीला घराबाहेर पडण्याची मोकळीक देणारा सण तिला तिच्या लग्नाची आठवणही करून देत असे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तरुण मुलगी म्हणजे कोण? आज ज्याला आपण तारुण्य म्हणतो तो काळ एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा घरातील मुलीच्या वाट्याला लग्नापूर्वी येतच नसे. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि माधवराव एकतीस वर्षांचे. विधवाविवाहाचा कैवार घेतलेला हा न्यायाधीश पहिली पत्नी गेल्यावर विधवेशीच विवाह करील, या धास्तीने वडिलांनी घाईने हे लग्न ठरवले आणि माधवरावांनी मान तुकवली. त्यांच्यावर टीका झाली व ती योग्यच होती. तथापि १९१० साली प्रसिद्ध झालेले रमाबाईंचे आत्मकथन वाचताना आम्हांला या प्रसंगाची दुसरी बाजूही दिसते. घरच्यांचे दडपण म्हणजे केवळ मुलींच्या वाट्याला येणारी गोष्ट नव्हे. विद्या, अधिकार आणि वय असलेला पुरुषही त्यापुढे वाकत असे. फरक इतकाच की वाकल्यानंतर माधवरावांचे काम, सभा, मित्र सारे शाबूत राहिले. मुलीचे अवघे जगच बदलले.

न वाकणारीही एक होती. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. मोठेपणी त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ साली झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली तडजोड झाली आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. हरितालिकेच्या कथेतली मुलगी न्यायालयात उभी राहिली तेव्हा कथा वाचणाऱ्या समाजातल्या पुष्कळांना ती ओळखू आली नाही.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारावर आली. टिळकांनी त्याला विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. १८९३-९४ च्या सुमारास गणेशोत्सव सार्वजनिक झाला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. अवघ्या पाच वर्षांतल्या या तीन घटना. त्यांत कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. पण एवढे नक्की म्हणता येईल की लग्नाचे वय हळूहळू पुढे सरकू लागले, बालपण आणि लग्न यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा तयार झाली आणि त्या जागेत जायला दोन नवी ठिकाणे मिळाली. एक रस्त्यावरचा मांडव आणि दुसरे अंधारातला पडदा.

पाहण्याचा कार्यक्रम ज्या रूपात आपण ओळखतो, म्हणजे पोह्यांची बशी, खाली घातलेली मान, नाव आणि शिक्षण विचारणारे चार प्रश्न, ते रूपही आमच्या मते याच मोकळ्या जागेची निर्मिती आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला काय विचारणार? मुलगी बोलू शकेल इतकी मोठी झाल्यावरच तिला प्रश्न विचारता येतात, आणि तिने प्रश्न विचारू नयेत असा संकेतही तेव्हाच पाळावा लागतो.

सिनेमाचा आरंभही सणासुदीपासून दूर नाही. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणण्याचे वेड त्यांच्या डोक्यात शिरले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. त्यातली तारामती साळुंके या पुरुषाने केली, कारण पडद्यावर दिसायला स्त्री मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई उभ्या राहिल्या. चार भिंतींत चार पाहुण्यांनी स्त्रीला न्याहाळणे हे कुलीनतेचे लक्षण आणि तिने हजारांसमोर स्वतःच्या इच्छेने उभे राहणे हा कुलाला कलंक, असा हा हिशेब होता.

गावोगावी सिनेमा पोचला तो जत्रेच्या पाठीवर बसून. पाऊस सरला, सुगी आटोपली की तंबू, यंत्र आणि रिळांच्या पेट्या घेऊन फिरता सिनेमा एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत जाई. नारळ फोडून तंबू उघडायचा, जमिनीवर बसायचे, बायका एका अंगाला आणि पुरुष दुसऱ्या अंगाला. या फिरत्या तंबूंचा अस्तकाळ २०१६ साली कान महोत्सवात दाखवलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात नोंदला गेला आहे. आम्हांला महत्त्वाची वाटते ती जत्रेची रचना. जत्रेला पाहुणेरावळे जमत, लेकी माहेरी येत, आणि नातलग एकत्र आले की उपवर मुलामुलींचा विषय निघे. देवळापुढच्या पारावर वडीलधारी माणसे स्थळांची चर्चा करीत असत आणि हाकेच्या अंतरावरच्या तंबूत तीच मुले-मुली पडद्यावरच्या नायक-नायिकेला एकमेकांची निवड करताना पाहत असत. देवाला म्हणून निघायचे आणि तंबूत शिरायचे, ही पुष्कळांच्या तरुणपणातली निरुपद्रवी लबाडी. तिच्यात नवसापेक्षा अधिक मागणे दडलेले असे.

हे मागणे सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडले ते १९३७ सालच्या ‘कुंकू’ने. त्याआधी १८९९ साली देवलांच्या ‘संगीत शारदा’ने म्हाताऱ्या वराच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख रंगभूमीवर आणले होते. १९२९ साली बालविवाह-प्रतिबंधक कायदा झाला, १९३० पासून अमलात आला, आणि मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा ही वयोमर्यादा ठरली. हरबिलास सारडा यांच्या नावाचा हा कायदा मराठीत ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला, हा योगायोग सुखद आहे. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी प्रभातसाठी केलेल्या ‘कुंकू’तली नीरा मात्र शारदेच्या पुढची आहे. मामाने फसवून वयस्क विधुराशी लग्न लावून दिल्यावर ती रडत बसत नाही. ती हा संबंधच मानायला नकार देते. शांता आपटे यांची नीरा नवऱ्याकडे सरळ डोळ्यांनी पाहते आणि तिच्या त्या पाहण्याने केशवराव दाते यांचा काकासाहेब स्वतःकडे पाहू लागतो. चित्रपटात आरशाला इतके महत्त्व आहे ते उगीच नाही. पाहायला आलेल्यालाच तेथे पाहिले जाते. या चित्रपटाला गेलेल्या मुलींपैकी किती जणींनी घरी येऊन स्थळ नाकारले ते कोणी मोजलेले नाही. परंतु नकार कसा दिसतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळाले होते.

कुटुंबानेही हे ओळखले आणि सिनेमाला आपल्या व्यवहारात सामावून घेतले. साखरपुडा झाला की भावी वधूवरांना सिनेमाला पाठवायचे आणि सोबत मुलीचा धाकटा भाऊ द्यायचा, ही मध्यमवर्गीय रीत अनेकांनी अनुभवली असेल. तीन तिकिटांचा खर्च मुलाने करायचा आणि मधल्या खुर्चीत भावाने बसायचे. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’च्या वेळी तर चपला बाहेर काढून लोक चित्रपटगृहात शिरले, पडद्यावर नाणी उधळली गेली आणि शुक्रवारचे व्रत घराघरांत सुरू झाले. सणातून निघालेला सिनेमा पुन्हा सण होऊन घरात आला, आणि त्याच्या मध्यभागी पुन्हा व्रत करणारी स्त्रीच होती. १९७८ च्या दुरुस्तीने विवाहाचे वय अठरा आणि एकवीस झाले. मोकळी जागा वाढली, तसा तिच्यावरचा पहाराही वाढला.

आतापर्यंत आम्ही ज्या तरुणाविषयी लिहिले त्याला निदान जत्रेत उभे राहण्याची मुभा होती. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) हे गृहीतच उलटे केले. जब्याला जत्रेत मिरवायचे आहे, नवे कपडे घालून नाचायचे आहे, शालूने आपल्याला पाहावे अशी त्याची साधी इच्छा आहे. त्याच्या वाट्याला येते ते डोक्यावर दिवा धरून इतरांच्या नाचावर उजेड पाडण्याचे काम. घरी बहिणीच्या लग्नासाठी हुंड्याचा पैसा उभा करायचा आहे, म्हणून बापाला गावाची डुकरे धरण्याचे काम नाकारता येत नाही, आणि त्या धरपकडीत सारे कुटुंबच गावाला पाहण्याचा तमाशा होते. सण, लग्न आणि पाहणे या तिन्ही गोष्टी एका गाठीत बांधणारी याहून नेमकी मराठी कलाकृती आम्हांला ठाऊक नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. जो आजवर पाहिला गेला त्याने पाहणाऱ्याला दिलेले ते उत्तर आहे. नीरेच्या नजरेला जे घराच्या चौकटीत साधले, ते करायला जब्याला दगड उचलावा लागतो. जात आणि लिंग यांतले अंतर मोजायचे तर ते येथे मोजावे.

गणेशोत्सवात गल्लीत पांढरा कापडी पडदा बांधून सिनेमे दाखवीत, ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. गर्दी फार झाली की माणसे पडद्याच्या मागच्या बाजूलाही बसत. तिकडून चित्र दिसे, पण उलटे. अक्षरे वाचता येत नसत, उजवा हात डावा होई, तरी गोष्ट कळे. पाहणाऱ्याची जागा बदलली की तेच दृश्य कसे बदलते हे त्या मागच्या बाजूला बसलेल्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

वाङ्मयाच्या वर्गात रमाबाईंचे आत्मकथन, ‘शारदा’, ‘कुंकू’ आणि ‘फँड्री’ स्वतंत्रपणे शिकवले जातात. ते एकापाठोपाठ एक शिकवावेत आणि त्यांच्या आधी हरितालिकेची कहाणी वाचावी, अशी आमची सूचना आहे. ती कहाणी प्रत्येक विद्यार्थिनीने बहुधा ऐकलेली असते. सखीचा हात धरून अरण्याकडे निघालेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले ते तिला पाठ असते. ती मुलगी घरातून का निघाली, एवढेच तिला कोणी विचारलेले नसते.