नाकातला फवारा आणि वेदनेचे मोजमाप

ताप पाऱ्याने मोजता येतो. वेदनेसाठी मात्र रुग्णाच्या शब्दावरच विसंबावे लागते. ही अडचण दूर करण्यासाठी १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात हार्डी, वोल्फ आणि गुडेल यांनी एक उपकरण बनवले. कपाळावर काळी शाई फासायची, तिथे दिव्याची उष्णता एकवटायची आणि ती कधी दुखू लागते ते नोंदवायचे. वेदनेला अंक मिळाला, असे वाटले. पण दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या डॉक्टरला दिसले की, गंभीर जखमी झालेले अनेक सैनिक वेदनाशामक मागतच नाहीत. जखमेइतकाच तिचा अर्थही महत्त्वाचा होता. प्लासिबोच्या, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या निर्गुण द्रव्याच्या, सामर्थ्यावरचा त्याचा गाजलेला निबंध १९५५ चा.

त्याच वर्षी कॉर्नेलच्याच विन्सेंट दु विन्यो यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ऑक्सिटोसिन या नऊ अमिनो आम्लांच्या संप्रेरकाची रचना उलगडून त्यांनी ते प्रयोगशाळेत घडवले होते. पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्येच दाखवले होते. पुढे बाळंतिणीला पान्हा फुटावा म्हणून या संप्रेरकाचा नाकात मारायचा फवारा आला. २००५ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी या फवाऱ्याने परक्यावरचा विश्वास वाढतो असे मांडले आणि ऑक्सिटोसिनचा बोलबाला झाला.

हे दोन प्रवाह २०१३ मध्ये हॅम्बुर्गच्या एका प्रयोगात एकत्र आले. ऐंशी निरोगी पुरुषांपैकी काहींना ऑक्सिटोसिनचा, तर काहींना मिठाच्या पाण्याचा फवारा दिला. हातावर दोन ठिकाणी मलम लावले. एक वेदनाशामक असल्याचे सांगितले, दुसरे साधे. प्रत्यक्षात दोन्ही निर्गुण होती. मग उष्णतेचे चटके दिले. साध्या जागी दोन्ही गटांना सारखेच दुखले. ‘औषधी’ जागी मात्र ऑक्सिटोसिन घेतलेल्यांना अधिक आराम वाटला. म्हणजे फवाऱ्याने वेदना शमली नव्हती, डॉक्टरच्या शब्दाला बळ आले होते.

२०१८ मध्ये लायडेनच्या संशोधकांनी स्त्रियांवर वेगळ्या पद्धतीने प्रयोग केला, तेव्हा हे बळ दिसले नाही. विश्वासाचा मूळ निष्कर्षही २०२० च्या मोठ्या फेरतपासणीत टिकला नाही. त्यामुळे या फवाऱ्याला वेदनेवरचे औषध म्हणणे आज घाईचे ठरेल. पण हॅम्बुर्गच्या प्रयोगाची मांडणी मोलाची आहे: रुग्णाला काय दिले, याबरोबरच देताना काय सांगितले, हेही तिने मोजायला घेतले.