अग्गञ्ञसुत्तांतील लोकोत्पत्ति आणि तिचीं स्थानांतरें

पालि दीघनिकायाच्या सत्ताविसाव्या सुत्तास 'अग्गञ्ञसुत्त' असें नांव आहे. जग पुन्हां कसें उलगडलें, आणि मनुष्यांस स्थूल देह, स्त्रीपुरुषभेद, घरें, शेतें व राजा हीं क्रमानें कशीं प्राप्त झालीं, याचा वृत्तांत त्यांत आला आहे. ऱ्हिस डेव्हिड्स पतिपत्नींनीं इ. स. १९२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरांत या सुत्तास बायबलांतील 'उत्पत्ति' या पुस्तकाचें नांव दिलें, आणि तेव्हांपासून 'बौद्धांची सृष्ट्युत्पत्ति' हीच त्याची ओळख होऊन बसली. ही ओळख आम्हांस मान्य नाहीं.

अडचण उघड आहे. मज्झिमनिकायांतील चूळमालुंक्यसुत्तांत मालुंक्यपुत्त भिक्षु हट्टानें विचारतो कीं, लोक शाश्वत कीं अशाश्वत, अंतवान् कीं अनंत, तें मला सांगा. बुद्ध तें सांगत नाहींत. विषारी बाण लागलेल्या मनुष्यानें बाण मारणाराचें कुळगोत्र कळेपर्यंत तो उपटूं न देण्याचा दृष्टांत मात्र देतात. संयुत्तनिकायांत संसाराची पूर्वकोटि दिसत नाहीं असें वारंवार म्हटलें आहे. एके ठिकाणीं असें मौन आणि दुसरीकडे इतकी सविस्तर कथा, याची संगति काय? कथा प्रक्षिप्त म्हणून झटकून टाकणें सोपें आहे. पण ती इतक्या संप्रदायांच्या पोथ्यांत आढळते कीं, तिचें प्राचीनत्व नाकारतां येत नाहीं. ती कोणत्या पोथींत, कोणत्या प्रसंगीं व कोणास सांगितली आहे, हें ताडून पाहिलें म्हणजे उलगडा होतो असें आमचें मत आहे.

प्रथम पालि पाठ पाहूं. प्रसंग श्रावस्तीच्या पूर्वारामांतील. वासेट्ठ व भारद्वाज हे दोघे ब्राह्मण तरुण भिक्षुसंघांत येऊं पाहत आहेत, आणि त्यांचे ज्ञातिबांधव त्यांची निर्भर्त्सना करीत आहेत कीं, ब्रह्म्याच्या मुखापासून झालेला श्रेष्ठ वर्ण सोडून तुम्ही मुंडक्यांत शिरलां. पुरुषसूक्ताची छाया येथें स्पष्ट आहे. बुद्धांचें पहिलें उत्तर रोखठोक आहे: ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, हें सर्वांच्या डोळ्यांपुढें असतां मुखापासून जन्मल्याची गोष्ट कशाला? कथा येते ती यानंतर.

जगाचा संवर्त झाला असतां बहुतेक प्राणी आभास्वर लोकांत असतात. ते मनोमय, प्रीति हेंच ज्यांचें अन्न असे व स्वतःच्या तेजानें प्रकाशणारे असतात. पुन्हां विवर्त होऊं लागला म्हणजे ते इकडे येतात. सर्वत्र पाणी व अंधार. सूर्यचंद्र नाहींत, दिवसरात्र नाहीं. पुढें तापविलेलें दूध निवतांना वर साय धरावी तशी पाण्यावर रसपृथ्वी धरते. वर्ण तुपालोण्याचा, गोडी मधाची. एक लोभी प्राणी ती बोटानें चाखून पाहतो, इतर त्याचें अनुकरण करितात, आणि खातां खातां त्यांचें अंगचें तेज नाहींसें होतें. तेव्हां कोठें सूर्य व चंद्र दिसूं लागतात. जों जों खावें तों तों देह खरबरीत होतो. कोणी देखणे, कोणी कुरूप ठरतात, आणि देखण्यांस गर्व होतांच रसपृथ्वी लुप्त होते. नंतर भूमीवर अळंब्यांसारखी पापडी, मग वेल, मग न नांगरतां पिकणारी, कोंडा नसलेली साळ. ही साळ संध्याकाळीं नेली तर सकाळीं पुन्हां उभी. एका आळशास दोन वेळां जाण्याचा कंटाळा येतो व तो दोन्ही वेळचें एकदम आणतो. दुसरा दोन दिवसांचें, तिसरा चार दिवसांचें. सांठा होऊं लागतांच तांदुळास कोंडा येतो आणि कापलेली साळ पुन्हां उगवत नाहीं. म्हणून शेतांच्या हद्दी पडतात. हद्दीमागून चोरी, चोरीमागून खोटें बोलणें व मारहाण. अखेर लोक आपल्यांतील एकास निवडून, साळीचा वांटा देऊन, राग धरण्याजोग्यावर राग धरण्याचें काम सोंपवितात. तोच महासम्मत.

यांतील व्युत्पत्ति लक्षपूर्वक पाहाव्या. बहुजनांनीं संमत केला म्हणून महासम्मत, शेतांचा स्वामी म्हणून खत्तिय, धर्मानें रंजन करितो म्हणून राजा. पापें बाहेर टाकणारे ते ब्राह्मण, पर्णकुटींत ध्यान करणारे ते झायक. आणि ज्यांस ध्यान साधलें नाहीं, जे गांवाजवळ येऊन ग्रंथ रचीत बसले, ते अ-झायक, म्हणजे अज्झायक! वेदाध्ययन करणाराच्या मानाच्या पदवीचा हा अर्थ ऐकून वासेट्ठास हंसूं आलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. 'खेत्त' आणि 'खत्तिय' यांचें नादसाम्यही संस्कृत रूपांत इतकें साधत नाहीं. रिचर्ड गॉम्ब्रिच यांनीं इ. स. १९९२ मध्यें या सुत्ताची उपरोधिक बाजू विस्तारानें मांडली, आणि ती मुख्यतः ग्राह्य आहे. वर्ण मुखांतून निघाले नाहींत, कामांतून व नांवांतून निघाले, हें येथें सांगावयाचें आहे.

सुत्ताच्या नांवाशीं निगडित असा आणखी एक प्रकार त्यांत आहे, व तो जुन्या वस्तूंच्या शोधकांस विशेष रुचेल. वधू नेली जात असतां लोक तिच्यावर धूळ, राख किंवा शेण टाकतात अशी चाल सांगून सुत्त म्हणतें कीं, ही प्रथम समागमाच्या निषेधार्थ केलेल्या फेंकाफेंकीची आठवण आहे; लोक पुरातन गोष्टीचें अनुकरण करितात, पण तिचा अर्थ जाणत नाहींत. गोड पदार्थ खाऊन निघणाऱ्या उद्गारासही हाच न्याय लावला आहे. आदीचें वर्तमान सांगण्यापेक्षां आदीविषयीं माणसें काय धरून बसतात, इकडे वक्त्याचें लक्ष आहे.

आतां इतर पोथ्या. नेपाळांतून मिळालेला व सेनार यांनीं इ. स. १८८२ ते १८९७ या काळांत तीन भागांत छापलेला महावस्तु हा ग्रंथ महासांघिकांच्या लोकोत्तरवादी शाखेचा. त्यांत हीच कथा आहे, परंतु वासेट्ठ नाहीं, भारद्वाज नाहीं. ती राजवंशाचा आरंभ म्हणून येते, आणि महासम्मतापासून इक्ष्वाकूंवरून शाक्यांपर्यंत उतरते. राजास द्यावयाचा वांटाही तेथें सहावा असा ठरलेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांतही मात्स्यन्यायानें गांजलेल्या प्रजेनें मनूस धान्याचा सहावाच भाग दिल्याचें म्हटलें आहे. तेव्हां भाग न सांगणारा पालि पाठ करवसुलीच्या रूढ प्रमाणापासून दूर राहिला आहे, हें ध्यानांत ठेवावें. गिलगिटच्या भूर्जपत्रांतील संघभेदवस्तु न्योली यांनीं इ. स. १९७७-७८ त छापलें. तेथें तर शाक्यच आपल्या कुळाचें मूळ विचारतात. स्वकुळाची स्तुति केल्याचा आरोप येईल म्हणून बुद्ध स्वतः न सांगतां मौद्गल्यायनाकडून सांगवितात. या दोन्ही ठिकाणीं वर्णाभिमानाचा उपहास करणारी कथा वंशावळीची प्रस्तावना झाली आहे. असें कां झालें हें बखरी व करीने चाळणारांस समजावून सांगणें नको.

तिसरी गति वसुबंधूच्या अभिधर्मकोशांत. राहुल सांकृत्यायन यांनीं तिबेटांत शोधून काढलेल्या ताडपत्रांवरून प्रह्लाद प्रधान यांनीं इ. स. १९६७ त त्याचें मूळ संस्कृत भाष्य छापलें. त्याच्या लोकनिर्देश नांवाच्या तिसऱ्या कोशस्थानांत प्राण्यांच्या कर्मप्रभावानें आकाशांत प्रथम वायुमंडल उठतें, विवर्त व संवर्त यांचे वीस वीस अंतरकल्प मोजून महाकल्प ऐशींचा होतो, आणि तेथेंच साळीची गोष्ट एका बाजूस बसविली आहे. इ. स. ४१३ मध्यें चिनी भाषेंत उतरलेला दीर्घागम याहूनही बोलका आहे. त्यांत ही कथा दोनदां येते: एकदां दोघां ब्राह्मण तरुणांच्या संवादांत, आणि पुन्हां शेवटच्या सूत्रांत, जेथें सर्व विश्वाचें वर्णन आहे. एकाच संग्रहांत एकच पान दोन ठिकाणीं लागलें. एकीकडे तें प्रत्युत्तर आहे, दुसरीकडे भूगोल.

'उत्पत्ति' हें नांव लोकनिर्देशासारख्या प्रकरणास थोडेंफार शोभेल. वासेट्ठास दिलेल्या उत्तरास शोभत नाहीं. शिवाय पालि कथेंतही कर्ता नाहीं आणि पहिला क्षणही नाहीं. प्राणी आधींच कोठें तरी आहेत. दीघनिकायाच्या पहिल्याच ब्रह्मजालसुत्तांत याच आभास्वर लोकापासून निघून निराळी गोष्ट सांगितली आहे. ओस पडलेल्या ब्रह्मविमानांत एक प्राणी प्रथम येतो, एकटेपणास कंटाळून सोबतीची इच्छा करितो. इतर प्राणी आपापल्या कर्मानें तेथें येतात, आणि तो समजतो कीं आपणच यांस निर्मिलें. तेही तसेंच मानतात, कारण आपण आलों तेव्हां हा आधींपासून होता! आधीं दिसला तो कर्ता, ही समजूत कशी जन्मते तेवढें येथें दाखविलें आहे. मालुंक्यपुत्तापुढील मौनाशीं याचा विरोध नाहीं.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्याच्या ओसरींत, डाव्या हातच्या भिंतीवर, एका मोठ्या चक्राचे अवशेष आहेत. पूर्वीच्या पाहणारांनीं त्यास राशिचक्र ठरविलें होतें व लेण्यासही तेंच नांव पडलें होतें. वस्तुतः तें भवचक्र होय. विहाराच्या द्वारकोष्ठांत असें चक्र काढावें असा निर्देश दिव्यावदानांतील सहसोद्गतावदानांत आहे, व त्याच्या कडेनें अविद्येपासून जरामरणापर्यंत बारा निदानें लिहावयाचीं असतात. अविद्येचें नांव आधीं घेतलें जातें खरें, पण तिची आकृति जरामरणाला लागूनच पडते. चित्राचा बराच भाग गळून गेला आहे. उरलेल्या तुकड्यांवर तो कांठ कोठून मोजावयास लागावें हें कोठेंच दाखविलेलें नाहीं.