प्रकाशाचा किरण आणि दाताची कीड

भलेभले शूर लोक दंतवैद्याच्या खुर्चीत बसताना कचरतात. ही भीती बहुधा दात कोरणाऱ्या त्या घरघरत्या यंत्राची असते. म्हणूनच 'येथे लेसरने उपचार केले जातात' अशी पाटी दिसली की रुग्णाचा जीव भांड्यात पडतो. त्याने या किरणाचा इतिहास थोडा जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

लेसरमागील तत्त्व आइनस्टाइन यांनी १९१७ साली मांडले. ते प्रत्यक्षात आणले अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी, १६ मे १९६० रोजी, माणकाच्या एका कांडीतून. त्याच्या तीनच वर्षे आधी, १९५७ साली, मिनिटाला सुमारे ३,००,००० फेरे घेणारे हवेवरचे यंत्र दंतवैद्यांच्या हाती आले होते. म्हणजे जुने हत्यार वेगवान झाले न झाले, तोच नवा प्रतिस्पर्धी जन्मास आला!

१९६४ साली स्टर्न व सोग्नेस यांनी माणिक-लेसर दातांवर चालवून पाहिला. पुढच्याच वर्षी त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी आपल्या भावाच्या जिवंत दातावर तो सोडला. भाऊ स्वतः दंतवैद्य होता. त्याला वेदना झाली नाही. मग हा किरण लगेच दवाखान्यात का आला नाही? कारण वेदना न होणे निराळे आणि इजा न होणे निराळे. दाताच्या टणक आवरणाआत जिवंत गर असतो. झॅक व कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर उष्णतेचा परिणाम तपासला. गराचे तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढताच सुमारे १५ टक्के दातांचा गर मेला. माणिक-लेसरने आवरण कापावयाचे, तर आत पोहोचणारी उष्णता याहून पुष्कळच अधिक होती.

याच सुमारास, १९६४ साली, कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार झाला. तो बनविणारे कुमार पटेल हे मूळचे आपल्या बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर, ही आपणांस अभिमानाची गोष्ट. पाणी हा किरण शोषून घेते. म्हणून पाणीदार हिरडी तो सफाईने कापतो, रक्तही थोडेच येते. दाताच्या टणक भागावर मात त्या काळच्या यंत्रांना करता आली नाही. तो मार्ग १९८९ साली जर्मनीतील हिब्स्ट व केलर यांच्या एर्बियम-लेसरवरील कामाने मोकळा झाला. हा किरण दातातल्या सूक्ष्म पाण्याची क्षणात वाफ करतो, आणि त्या वाफेच्या दाबाने कण उडतात. वरून पाण्याचा फवारा दात थंड ठेवतो. अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी १९९७ साली टणक भागासाठी त्यास परवानगी दिली. पहिल्या लेसरपासून येथवर यावयास सदतीस वर्षे लागली.

या इतिहासातून रुग्णाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, 'लेसर' हे एका हत्याराचे नाव नव्हे. हिरडीचा निराळा, दाताचा निराळा. तेव्हा 'कोणता लेसर, आणि माझ्या कोणत्या दुखण्यासाठी?' असे निःसंकोच विचारावे. दुसरी, पूर्वी भरलेली चांदी त्याने काढता येत नाही, आणि कॅप बसविण्यासाठी दात घासावयास बहुधा जुनेच यंत्र लागते. तिसरी, दुखणे पुष्कळदा कमी होते. तरी सुई टळेलच असे नाही. चौथी, उपचार चालू असताना रुग्णासह खोलीतील प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या किरणासाठीचाच खास चष्मा हवा. तो दिला नाही, तर मागून घ्यावा. पाचवी, हिरड्यांच्या रोगात कीटण खरवडून काढणे हाच अजूनही मुख्य उपचार आहे. लेसरने त्यात मोठी भर पडते, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही.

असे प्रश्न विचारणे म्हणजे वैद्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. जाणता वैद्य त्यांची उत्तरे आनंदाने देईल. आणि आपल्या दातांस जुने यंत्र पुरेसे असेल, तर तेही तो मोकळेपणाने सांगेल.