वज्रेश्वरी : मंदिराला तटबंदी कशासाठी?

१/ वज्रेश्वरीला जाणारे बहुतेक जण ऊन पाण्याच्या कुंडांसाठी जातात. अकलोलीला स्नान, देवीचे दर्शन, जमल्यास गणेशपुरी आणि संध्याकाळी परत मुंबई. पण मित्रहो, मंदिराच्या पायथ्याशी क्षणभर थांबा. बावन्न दगडी पायऱ्या, वर नगारखाना आणि भोवती तट. देवीच्या घराला किल्ल्याचे रूप का?

२/ उत्तर पश्चिमेला, समुद्रकाठी आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. देवीचे मूळ स्थान उत्तरेकडील गुंज येथे होते आणि पोर्तुगीजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देवी तानसेकाठच्या वडवलीस आली, असे परंपरा सांगते. वडवली म्हणजेच आजची वज्रेश्वरी. विस्थापित देवतेने गावाला आपले नाव दिले!

३/ १७३९. वसईवर निघालेल्या चिमाजी अप्पांचा मुक्काम वडवलीत पडला. किल्ला हाती आला तर देवीचे मंदिर किल्ल्यासारखेच बांधीन, असा नवस त्यांनी केल्याचे सांगतात. पुढचा वेढा भीषण होता. सुरुंगांनी बुरूज उडवावे लागले, माणसे हजारोंनी पडली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी तह केला. त्यांना सन्मानाने, शस्त्रांसह जाऊ दिले गेले. मंदिर उभारले ते सुभेदार शंकर केशव फडके यांनी. नगारखाना मात्र बडोद्याच्या गायकवाडांचा.

४/ आता पाण्याविषयी. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे झरे, अशी कथा आहे. दुसरी कथा आधुनिक असून तितकीच हट्टी आहे : ‘खाली ज्वालामुखी आहे.’ तसे काही नाही. येथील काळा पाषाण लाव्हारसाचाच, परंतु तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. पालघरपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा उन्हाळ्यांची रांगच आहे.

५/ याच तानसेवर वरच्या अंगाला १८९२ साली धरण पुरे झाले आणि नदीचे पाणी नळांतून मुंबईला गेले. मुंबईकर मात्र सुट्टीच्या दिवशी नदीकडे येत राहिले. गणेशपुरीत स्वामी नित्यानंदांनी १९६१ साली देह ठेवला. त्यानंतर परदेशी साधकही या वाटेने येऊ लागले. लॉज, खानावळी, खेळण्यांची दुकाने यांच्या गर्दीत वसईच्या युद्धाचे नाव क्वचितच ऐकू येते.

६/ जाल तेव्हा पायऱ्या मोजा. त्यांपैकी एकीवर कासव कोरलेले आहे. लोक वाकून त्याला हळदकुंकू वाहतात आणि पुढे चढतात.