सर इब्राहिम रहिमतुला : एक विधिमंडळीय कारकीर्द

भोपाळ संस्थानात नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी १९१८ मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेल यांचे विधेयक मंजूर होऊन नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. भोपाळमध्ये हे कार्य राज्यकर्त्यांच्या आज्ञेने झाले. मुंबईत मात्र लोकप्रतिनिधींना त्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. या प्रयत्नांच्या आरंभीच्या मानकऱ्यांत सर इब्राहिम रहिमतुला यांचा समावेश होतो.

१८६२ मध्ये मुंबईच्या खोजा व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८९२ मध्ये ते महानगरपालिकेवर निवडून आले व १८९९ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांनी प्रांतिक कायदेमंडळात प्रवेश केला. त्या काळी सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्न विचारता येत. मतदानाचा अधिकार मात्र नव्हता. एवढ्या तुटपुंज्या अधिकारावर रहिमतुला आणि चिमणलाल सेटलवाड यांनी मुंबई शहरात शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी लावून धरली. सरकारने १९०६ मध्ये समिती नेमली. तिने अद्याप वेळ आलेली नाही, असा अभिप्राय दिला. १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात गोखल्यांचे विधेयकही ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. मागणी मात्र मागे पडली नाही.

१९१३ मध्ये मुस्लिम लीगच्या आग्रा अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. केंद्रीय कायदेमंडळात १९१६ मध्ये त्यांनी औद्योगिक विकासासंबंधीचा ठराव मांडला. त्याच वर्षी औद्योगिक आयोग नेमला गेला. १९२१-२२ च्या राजकोषीय आयोगाचे ते अध्यक्ष होते. बहुमताने अनेक अटी घालून उद्योगांना संरक्षण देण्याची शिफारस केली. या अटी देशी उद्योगांना जाचक ठरतील, असे मानणाऱ्या चार सभासदांसह खुद्द अध्यक्षांनीच भिन्नमतपत्रिकेवर सही केली.

पुढे ते मुंबई कायदेमंडळाचे आणि १९३१ ते १९३३ या काळात केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष होते. १९४२ मध्ये त्यांचे निधन झाले.

बहुमत हाती नसताना प्रश्न, ठराव व नोंदवलेला मतभेद हीच लोकप्रतिनिधीची साधने असतात. १९०६ चा नकार आणि १९१८ चा कायदा विद्यार्थ्यांसमोर एकत्र ठेवल्यास संसदीय कार्यपद्धतीचे हे मर्म त्यांना सहज उमगेल.