शब्दवेध : वकील

सोलापूरच्या कोर्टाबाहेर बाकावर टेकून एक म्हातारे शेतकरी वकीलपत्रावर अंगठा उठवत होते. निळी शाई बोटाला तशीच. "आता सगळं तुमच्या हवाली, वकीलसाहेब," एवढंच ते बोलले. शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच! अरबी धातू 'व-क-ल' म्हणजे सोपवणं, हवाली करणं. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला.

पेशवाईतला वकील मात्र कोर्टात नव्हे, दरबारात उभा असे. तो राजदूत. 1777मध्ये फ्रेंचांतर्फे सेंट लुबिन पुण्यात आला. नाना फडणीसांनी त्याला जवळ केलं, तसा इंग्रजांचा वकील मॉस्टिन अस्वस्थ झाला. दोन टोपीकरांच्या वैरात आपलं राज्य सांभाळायची नानांची ती धडपड मला फार मोलाची वाटते.

मोरोक्कोच्या सुलतानानेही जर्मनी-फ्रान्सच्या वैराचा असाच आधार धरला. 1906मध्ये त्याच प्रश्नावर स्पेनमधल्या अल्जेसिरासला परिषद भरली. पण 1912च्या फेजच्या तहाने देश फ्रान्सच्या 'संरक्षणा'खाली गेलाच.

आज मोरोक्कोतला सरकारी वकील 'वकील अल-मलिक' म्हणवतो, म्हणजे राजाचा वकील. सोलापूरकराला तो शब्द दुभाष्याशिवाय कळेल.