वरचा ‘सा’ : पडद्यावरची मुलं आणि घरातली मुलं



मागच्या व्याख्यानानंतर ठाण्याच्या एका भगिनींनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, “सर, मुलगी तेरा वर्षांची आहे. टीव्हीवरचे ते गाण्याचे, नाचाचे स्पर्धेचे कार्यक्रम तिला बघू द्यावेत का? आवडीनं बघते, आणि मग दोन-दोन दिवस गप्प असते.” आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या विषयाच्या माणसाला सरळ प्रश्न विचारला की तो आधी इतिहासात शिरतो. आजही तेच होणार आहे. पण शेवटी उत्तर द्यायचं, हा शब्द.

सुरुवात २००८ पासून करू. झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ सुरू झालं. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. भारनियमनाचे दिवस होते ते. आमच्या डोंबिवलीत कार्यक्रमाच्या वेळेला वीज असली म्हणजे मिळवली, अशी अवस्था. पाच मुलं शेवटपर्यंत पोचली आणि त्यांना सगळा महाराष्ट्र पंचरत्न म्हणू लागला. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली.

यातलं चांगलं आधी सांगायला हवं, कारण आमच्यासारखी वयस्कर माणसं ते सांगायला विसरतात. या पाचांत मुंबईचं कुणीही नव्हतं. लातूरच्या मुलाला मुंबईच्या मंचावर उभं राहायला पूर्वी कोण ओळखीचं लागायचं, ते आठवा. शिवाय नाट्यगीत, अभंग, जुनं भावगीत ज्या घरांतून हद्दपार झालं होतं, तिथे ते या मुलांच्या गळ्यातून परत आलं. हे काही थोडं नाही.

आता लहान मुलांना मंचावर उभं करणं हा काही दूरचित्रवाणीचा शोध नव्हे. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांत कोवळी मुलं असायचीच. दीनानाथ मंगेशकर चौदाव्या वर्षाच्या आसपास किर्लोस्कर मंडळीत गेले. दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज़ सुनो’मधून सुनिधी चौहान पुढे आली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

पण आम्हाला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते कुमार गंधर्वांचं. जन्म १९२४चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. शिवपुत्र कोमकली हे नाव. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा हुबेहूब तसं गायचा. वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करत. १९३६ साली मुंबईच्या जीना हॉलमधल्या संगीत परिषदेत तो गायला. वय अकरा. सभागृह वेडं झालं. आजच्या भाषेत बोलायचं तर त्या दिवशी तो स्पर्धा जिंकला होता.

आणि पुढे? पुढे तो प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या शाळेत शिकायला राहिला. ज्याच्या गाण्यावर मुंबई खूश झाली होती, त्याला गाण्याचं व्याकरण शिकायचं होतं. नक्कल येत होती, ती कशाची हे समजून घ्यायचं होतं. त्यात वर्षं गेली. नंतर क्षयरोगानं गाठलं, देवासला जावं लागलं, पाच-सहा वर्षं गाणं बंद. त्या सक्तीच्या शांततेत अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली. आपण ज्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतो ते या सगळ्यानंतरचे. १९३६ची टाळी ही फार तर दार उघडल्याचा आवाज होता.

आमचा मुद्दा इथेच आहे. आता स्पर्धेचा कार्यक्रम कसा तयार होतो ते बघा. मुलगा चार मिनिटं गातो. त्याआधी त्याच्या गावाची, घराची, आईच्या डोळ्यांतल्या पाण्याची एक छोटी चित्रफीत. मग परीक्षकांचे शब्द, मग गुण. मधली वर्षं कुठे गेली? आर्या आंबेकरच्या आई स्वतः शास्त्रीय गायिका. कार्तिकीचे वडीलही गाणारे. त्या घरांत रोज सकाळी जे घडलं असेल, तेच तेच पलटे, तीच तीच चूक, कंटाळा, ओरडा, पुन्हा तानपुरा, ते पडद्यावर येत नाही. येणारही नाही. कंटाळा कोण बघेल? पण बघणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला नकळत समजूत करून दिली जाते की एका बाजूला इच्छा असते, दुसऱ्या बाजूला निकाल, आणि मध्ये काही नसतंच.

प्लेटोनं ‘रिपब्लिक’मध्ये मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात यावर इतका खल केलाय, तो उगीच नव्हे. कोवळ्या वयात मनावर जो ठसा उमटतो तो सहसा पुसला जात नाही, ही त्याची काळजी. ॲरिस्टॉटलचं म्हणणं याहून नेमकं. मानसन्मान हे जीवनाचं ध्येय होऊ शकत नाही, कारण तो घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो. एसएमएसनं मतं मोजण्याच्या तेवीसशे वर्षं आधी त्यानं हे लिहून ठेवलं.

त्या कार्यक्रमात गुण आकड्यांत नव्हते, स्वरांत होते. ‘ध’ मिळाला, ‘नी’ मिळाला, आणि फारच छान गायलं तर ‘वरचा सा’. कल्पना गोड होती, मुलांना आवडली, आम्हालाही आवडली. पण जरा विचार करा. ‘सा’ हा कुणी कुणाला द्यायचा स्वर नाही. तो प्रत्येक गाणाऱ्यानं आपल्या गळ्यात शोधून तिथे बसायचं असतं. गाण्याची ती जमीन. ती जमीनच बक्षीस होऊन बसली.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही, घरात कळलं. आमची नात त्या वेळी बारा वर्षांची. फडके रोडच्या मागच्या गल्लीत एका बाईंकडे गाणं शिकायची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत होती, प्रारंभिक झाली होती, प्रवेशिका चालू होती. त्या परीक्षांत कुणी बाहेर फेकलं जात नाही हे लक्षात घ्या. नापास झालात तर पुढच्या सत्राला पुन्हा बसा. आम्ही तिला शेजारी घेऊन कार्यक्रम बघायचो. आणि प्रत्येक वेळी म्हणायचो, “बघ, तुझ्याहून लहान आहे ती. किती मेहनत करते!” आम्हाला वाटायचं, आम्ही प्रोत्साहन देतोय. थोड्या महिन्यांनी ती घरी गायली की थांबून विचारायला लागली, “आजोबा, कोणता स्वर?” आम्ही हसून ‘नी’ द्यायचो. कधी ‘ध’. पुढच्या जूनमध्ये तिनं क्लास सोडला. अभ्यासाचं कारण सांगितलं आणि आम्ही ते मानलंही.

परवा, म्हणजे इतक्या वर्षांनी, हा विषय निघाला. ती शांतपणे म्हणाली, “आजोबा, त्या मुलांचं गाणं ऐकताना तुम्ही रडायचात. माझ्या रियाजाला मात्र एकदाही येऊन बसला नाहीत.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २००८ मध्येच कोलकात्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीची, परीक्षकांच्या बोलण्यानंतर वाचा गेल्याची बातमी देशभर गाजली. पुढे २०१६ साली बालकामगार कायदा सुधारला आणि २०१७ला नियम आले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत. हे उत्तमच झालं. पण हे संरक्षण पडद्यावरच्या मुलाचं. सोफ्यावर बसून स्वतःला गुण देत राहणाऱ्या मुलाचे तास कुठला नियम मोजणार? ते काम घरच्यांचं.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बघू द्या. बंदी घातलीत तर ती मोबाइलवर बघेल, आणि एकटी बघेल, ते जास्त वाईट. तुम्ही शेजारी बसा. आमच्यासारखी तुलना मात्र करू नका, कौतुकाच्या आवाजातसुद्धा नाही. कोण बाहेर गेलं याची चर्चा त्या रात्री नको. त्याऐवजी विचारा, या मुलाला हे कुणी शिकवलं असेल? किती वर्षं लागली असतील? कापून टाकलेला काळ असा हातानं परत जोडावा लागतो. आणि कल्याणच्या गायन समाजासारख्या ठिकाणी बैठक असेल तेव्हा तिला घेऊन जा. तिथे मोठा गवईसुद्धा आधी तानपुरा जुळवत बसलेला दिसतो, आणि श्रोते वाट बघतात. ते बघणंही शिक्षणच आहे.

२०२१ साली ‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा आलं, तेव्हा तीच पाच मुलं, आता मोठी झालेली, परीक्षणाच्या बाजूला बसली होती. आम्ही ते कुतूहलानं बघितलं. मंचावरून त्या खुर्चीपर्यंत बारा वर्षं लागली. कार्यक्रमानं न सांगितलेली गोष्ट ती बारा वर्षं आहेत. तुमच्या मुलीला ती सांगा.

आणि आज घरी गेल्यावर ती गात असेल, तर काही बोलू नका. नुसतं जाऊन बसा.